हॅम रेडिओ एएमवर 25 वॉटच देतो? मग रिग बरोबर आहे, उघडू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम ठसठसली. रिग (हॅम रेडिओचा संच) 100 वॉटचा, एसएसबीवर (सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची एक पद्धत) बोलताना मीटरची सुई 30 च्या पुढे सरकत नाही, एएमवर (आवाज पाठवायची दुसरी, जुनी पद्धत) तर 25 लाच अडकते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेऊन फायनल (आउटपुटची पॉवर देणारे शेवटचे ट्रान्झिस्टर) बदलून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नेऊ नका.

100 वॉट हा पीईपी, म्हणजे आवाजाच्या शिखरावरचा आकडा. एसएसबीत कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) नसतो. तुम्ही गप्प बसलात की आउटपुट जवळपास शून्य. बोलताना शिखरं क्षणभर येतात आणि साधा मीटर सरासरी दाखवतो. डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून माइकमध्ये लांब शिट्टी मारा. सुई शंभराच्या आसपास गेली की फायनल ठणठणीत.

एएममध्ये कॅरियर सतत चालू असतो. पूर्ण मॉड्युलेशनला, म्हणजे आवाज कॅरियरवर पुरता चढला की, शिखरावर व्होल्टेज दुप्पट होतो, म्हणजे पॉवर चौपट. 25 चे तिथे 100 होतात. कंपनीने कंजूषपणा केलेला नाही.

हे न कळणाऱ्या एका दुकानाने मला रडवलंय (नाव घेत नाही, उगाच वाद नको). रिग दिला होता पंखा आवाज करतो म्हणून. तिथल्या महाशयांनी न विचारता आतला ट्रिमर (सेटिंगचा छोटा स्क्रू) फिरवून एएमचा कॅरियर 60 वर नेला आणि पावतीत 'एएम पॉवर वाढवली' लिहून वर त्याचे पैसेही लावले! 60 च्या कॅरियरला शिखरावर 240 वॉट लागतात. 100 वॉटची फायनल ते आणणार कुठून? शिखरं सपाट झाली, आवाज फाटला, बाजूच्या फ्रिक्वेन्सीवाले वैतागले. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर काय, "साहेब, मीटरवर जास्त दिसतंय ना?" पुढे फायनलची जोडी जळाली, तेव्हा त्याच काउंटरवर "ट्रान्झिस्टरची गॅरंटी नसते" हे ऐकून घेतलं.

माझं मत, पटलं तर घ्या: मीटरवरचे वॉट वाढवण्यात अर्थ नाही. 50 चे 100 केले तरी फरक 3 डीबीचा, समोरच्याच्या एस-मीटरवर (आलेल्या सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) जेमतेम अर्धा एस. तेवढे पैसे अँटेनावर घाला.

एफटी8 (संगणकाने छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) करणार असाल तर उलटी काळजी घ्या. तिथे 15 सेकंदांच्या फेरीत सुमारे 12.6 सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते, म्हणून मी 30-40 वॉटच ठेवतो. सगळे रिग सारखे नसतात, तुमच्या मॅन्युअलमधला तक्ता आधी बघा.

आणि शिट्टी मारूनही सुई 60-70 ला थांबली, तर सप्लायची वायर तपासा. पूर्ण पॉवरला रिग 20 अँपिअरच्या आसपास ओढतो, बारीक वायरवर व्होल्टेज पडतो. तो सप्लायपाशी नाही, रिगच्या मागच्या टोकाला, ट्रान्समिट चालू असताना मोजा.