टॉर्च कोरलवर तपकिरी जेली दिसली तर

घाबरू नकोस, पण उद्यावरही ढकलू नकोस. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या टॉर्च-हॅमर या कोरलांवरची ती घाण वासाची जेली म्हणजे रोग आहे, आणि तो रात्रीतून शेजारच्या डोक्यांवर (एकाच कोरलच्या वेगवेगळ्या फांद्यांच्या टोकांवर) पसरू शकतो.

आधी पंप बंद कर, नाहीतर जेली टाकीभर उडेल. मग बारीक नळीने ती ओढून घे. ते पाणी परत टाकीत ओतायचं नाही. हातमोजे घालून कोरल बाहेर काढ, मेलेलं डोकं सांगाड्यासकट काप आणि उरलेल्याला टाकीच्याच पाण्यात आयोडीनचा डिप दे, म्हणजे वेगळ्या भांड्यात औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेव. प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेवढंच, 'थोडं जास्त' नको.

नवखे हमखास चुकतात ते इथे: अँटिबायोटिक आणून थेट मुख्य टाकीत ओततात. त्याने अमोनिया पचवणारे जीवाणूही मरू शकतात, मग एका कोरलसाठी अख्ख्या टाकीतले जीव धोक्यात येतात. आणि हो, रोज कोरलची जागा बदलू नकोस.

या रोगामागे बहुतेकदा कोरलवरचा ताण (उदा. गरम पाणी) किंवा जखम असते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 ला टेकतो, तेव्हा टाकी 25-26 अंशांच्या जवळ ठेवायला निदान पंखा तरी लागेलच. पंख्याने पाण्याची वाफ होऊन पातळी उतरते, ती आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याने भर, नळाच्या नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊ शकते, म्हणून बॅटरीवरचा एअरपंप आजच घेऊन ठेव.