आर्णीसारख्या ठिकाणाहून एमबीए केलंय (57 टक्के). मॅनेजमेंटमधल्या पीएचडीसाठी अर्ज आयआयएमला करावा की विद्यापीठात? विषय कोणता घ्यावा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "सर म्हणतात, बँक कर्मचाऱ्यांचं जॉब सॅटिसफॅक्शन घे, लवकर आटोपतं." त्या एका ओळीमुळे लिहायला बसलो.

मलाही असाच विषय देऊ केला होता. तेव्हा मी दारव्हा रोडवरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचो. मोठेबाबा चारचौघांत विचारायचे, "एमबीए शिकून काटाच करतं, त पीएचडी शिकून का गठाणी बांधशीन बे?" पण विषय सापडला तो त्या काट्यावरच. काटापट्टीवर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ कापूस, सगळं मांडलेलं. तोच कापूस खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो त्यात गेला की व्यापाऱ्याच्या खिशातल्या डायरीत पेन्सिलीने एक आकडा, झालं. तरी माणसं घरूनच विकायची, तेही हमीभावाच्या खाली. सीसीआयकडे, म्हणजे हमीभावाने घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाकडे, पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्यापर्यंत, त्यावर कपात, 12 च्या वर गेला की गाडी परत. शिवाय सातबाऱ्यावर कापसाचा पेरा हवा, आणि ठोक्याने दुसऱ्याचं वावर करणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो. व्यापारी दारात येतो, पोळ्याला दिलेली उचल कापतो आणि उरलेले पैसे हातावर ठेवतो. शेतकऱ्याला भाव कळत नाही अशातला भाग नाही. लेखी कागद नसताना तो त्या डायरीवर कशाच्या जोरावर विसंबतो, हा माझा प्रश्न होता.

हे घेऊन एका कॉलेजातल्या सरांकडे गेलो, गाईड व्हाल का विचारायला. सिनॉप्सिस त्यांनी उघडलीसुद्धा नाही. शीर्षक वाचून म्हणाले, "हे मॅनेजमेंट नाही. अकोल्याला कृषी विद्यापीठात जा." मागच्या कपाटात रेक्झिनच्या बांधणीतले प्रबंध होते, शीर्षकं जवळपास तीच, जिल्हा तेवढा बदललेला.

सर, ऑलिव्हर विल्यमसन यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते कशासाठी? कोणता व्यवहार बाजारात व्हावा आणि कोणता कंपनीच्या आत, हे शोधण्यासाठी. त्यांच्यासोबत ते विभागून मिळालं एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना. त्यांनी गावकरी चराई, जंगल, पाणी आपसात कसं सांभाळतात ते अभ्यासलं. विल्यमसन तर बर्कलेच्या बिझनेस स्कूलमध्येही शिकवायचे. करारपत्राशिवाय चालणारी लाखोंची खरेदी मॅनेजमेंटमध्ये बसत नसेल, तर मग बसतं तरी काय?

पुढे एका आयआयएमच्या मुलाखतीत पॅनेल त्या डायरीलाच चिकटून बसलं. व्यापारी डायरी दाखवेल कशाला? दाखवलीच तर सरळ व्यवहारवालेच दाखवतील, मग नमुना एकांगी होणार नाही का? घाम फुटला. इंग्रजी अडखळत होतं. पण विचारत होते ते माझ्या रोजच्या बघण्यातलं होतं. निवड झाली.

आता तुमचं. बहुतेक ठिकाणी पदव्युत्तरला 55 टक्के मागतात, राखीव प्रवर्गाला 50, म्हणजे तुम्ही बसता. आयआयएममध्ये कॅटचे गुण चालतात, बऱ्याच ठिकाणी जीमॅट, जीआरई किंवा जेआरएफही (नेट या पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती). नेट द्याच. 2024 पासून जेआरएफ हुकली तरी नेटच्या गुणांवर विद्यापीठात पीएचडी प्रवेशाला उभं राहता येतं, पण ते गुण वर्षभरच धरतात. जेआरएफ लागली तर महिना 37,000. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी जी तुम्हाला लागू असेल तिच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातीवरही नजर ठेवा. अर्जात गरिबीची कहाणी लिहू नका. आपण सगळेच कोरडवाहू आहोत, पॅनेलला त्याचं काही नाही. प्रश्न काय, डेटा कुठून, आणि तिथल्या कोणत्या प्राध्यापकाचं काम त्याच्या जवळचं, एवढं लिहा.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं स्ट्रॅटेजी किंवा ओबीवाल्यांसाठी (ओबी म्हणजे संस्थेतल्या माणसांच्या वागणुकीचा अभ्यास). फायनान्स किंवा ऑपरेशन्स घेणार असाल तर गावाकडचा प्रश्न कितीही चांगला असो, गणित कच्चं असेल तर टिकणार नाही. पहिली दोन वर्षं कोर्सवर्कमध्येच जातात आणि सूक्ष्म अर्थशास्त्र, इकॉनोमेट्रिक्स कुणालाच सोडत नाहीत. आणि तुम्ही आधीच कुठे शिकवत असाल, फक्त प्रमोशनपुरती डिग्री हवी असेल, तर सरांचं ऐका. खरंच लवकर आटोपतं.

शिफारसपत्र मात्र विभागप्रमुखाचंच लागतं हा गैरसमज आहे. तुमचं काम ज्याने वाचलंय त्याचं घ्या. माझं एक पत्र एमबीएला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी दिलं. तासिका तत्त्वावर होत्या, पण सिनॉप्सिस त्यांनी पूर्ण वाचली होती.