भाड्याचं घर, खिळा मारायचा नाही, मग सजवायचं कसं?

प्रश्न: ताई, मे महिन्यात लग्न झालं आणि आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला वन बीएचके भाड्याने घेतलाय, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. घरासाठी १५ हजार बाजूला काढलेत. घरमालक खिळा मारू देत नाहीत. हॉलची खिडकी पश्चिमेला, मेमध्ये दुपारनंतर नुसती भट्टी होती, आणि आता पावसात एका भिंतीला खाली ओल येऊन पोपडे निघालेत. ते झाकायला ऑनलाइन वॉलपेपर बघून ठेवलाय, घेऊ का? सोफा पण हवाय. सासूबाईंनी तांब्याचं घंगाळ आणि त्यांच्या जुन्या कॉटनच्या साड्या दिल्यात, त्यांचं काय करू?

उत्तर: वॉलपेपर अजिबात घेऊ नकोस गं. ओल्या भिंतीवर प्लास्टिकचा कागद चिकटवला की आतलं पाणी कोंडतं, मागे बुरशी धरते, कुबट वास सुटतो आणि काढताना पुट्टीसकट सगळं हातात येतं, मग डिपॉझिटवरून वाद. आधी बघ, भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे का बाहेरची बाजू. पाऊस थांबून भिंत वाळली तर पाणी बाहेरून येतंय, पण कोरड्या दिवसांतही ओल तशीच राहिली तर बहुतेक पाइप गळतोय, आणि ते काम घरमालकांचं. फोटो काढून त्यांना आजच व्हॉट्सअॅपवर टाक. रंगाचा खर्च पाऊस संपल्याशिवाय करूच नकोस, आणि तोपर्यंत त्या भिंतीपासून सामान वीतभर लांब ठेव.

आता साड्या. तू सगळ्यात शेवटी लिहिलंस पण तुझं खरं भांडवल हेच आहे! सहावारी म्हणजे ६ वार, म्हणजे १८ फूट कापड. तुझी खिडकी ४ बाय ४ ची धरली तर शिवण धरून ५ फुटांचे तीन पडदे एका साडीत निघतात, वर ३ फूट उरतं त्यात उशांचे अभ्रे होतात. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच, म्हणून एका खिडकीला दोन पडदे लाव, छान चुण्या पडतात. पश्चिमेचं ऊन आहे तर मागून पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर लावायलाच हवं, नाहीतर साडीचा रंग एका उन्हाळ्यात उडेल. मांजरपाट आधी भिजवून वाळवून घे आणि मगच काप, ते आटतं, आणि न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यातच अस्तर आखडून पडदा वाकडा लटकतो. खिळ्याऐवजी स्प्रिंगचा रॉड घे, तो चौकटीत दाबून बसतो.

सोफ्याची घाई नको. अंबड-सातपूर भागात पॅकिंगचे लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायचे फळ्यांचे चौथरे, जुने मिळतात, पण घेताना शिक्का बघ, ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन किडमुक्त केलेलं असतं, ‘एमबी’ असेल तर विषारी गॅसची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नकोस. हॉल मोजून जा, पॉलिश पेपरने नीट घास, दोनावर दोन ठेवून वर कापसाची गादी टाक की बैठक तयार. पिंजाऱ्याकडून जुनी गादी पिंजून घेतलीस तर आणखी स्वस्तात पडेल.

ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात कितीही सजवलं तरी घर ऑफिससारखंच दिसतं, त्यामुळे बैठकीच्या कोपऱ्यात ९ वॅटचा वॉर्म व्हाइट बल्ब असलेला एक दिवा ठेव, खोक्यावर ३००० केल्विन लिहिलेलं बघून घे. पोचे काढायचे असतील तर घंगाळ जुन्या नाशकात तांबट लेनला दाखव, नुसतं चमकवायचं असेल तर घरीच चिंच-मीठ लावून घास, धू आणि लगेच कोरडं पूस, ओलं राहिलं की डाग पडतात. त्यात मनीप्लांट ठेवायचा तर कुंडीसकट ठेव, माती थेट तांब्यात नको.

आणि कात्री लावायच्या आधी साड्या घेऊन एकदा सासूबाईंजवळ बस, एखादी त्यांच्या फार जिवाची असेल तर ती तशीच घडी करून कपाटात राहू दे.