रात्रभर श्वास मोजणाऱ्या माउलीला
माय, माझं पहिलं लेकरू, मुलगा, गेल्यावर ही लेक झाली, तेव्हा मीही रात्रभर तिच्या नाकापुढं बोट धरून बसायचे. एवढ्याशा जिवाचा श्वास झोपेत पाच-सात सेकंद थांबतो, मग भरभर चालतो, ते नेहमीचंच. पण शांत असतानाही मिनिटाला ६०च्या वर गेला, छाती आत ओढली, ओठ निळे पडले किंवा अंगावर प्यायचं सोडलं, तर सकाळची वाट बघू नको, दवाखाना गाठ. दवाखान्यात बाळंत झालीस ना, मग आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा येईल; तुझं रडणंही तिला सांग.

‘तोच परत आला’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना मी तोंडावर सांगितलं, ही वेगळी हाय. त्याची कुंची ट्रंकेतच ठेवली. हिला परभणीच्या बाजारातून कापड आणून नवी शिवली, जरा मोठीच झाली.