म्हातारी झालेली टीम : विकायची, ठेवायची की अर्धी-अर्धी?

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल संपते, जूनच्या शेवटी ड्राफ्ट होतो (टीम पाळीपाळीनं नवीन पोरं निवडतात, त्या निवडीच्या हक्काला पिक म्हणतात), लगेच ट्रेडच्या, म्हणजे प्लेअर आणि पिकच्या देवाणघेवाणीच्या, बातम्या सुरू होतात आणि मग सांगली-साताऱ्याकडनं आमच्याकडं बास्केटबॉलचे प्रश्न यायला लागतात. या वेळी बहुतेकांनी एकाच विषयावर लिहिलंय, म्हणून अख्खं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई, आम्ही चार-पाच मित्र सकाळी मॅच लावून बसतो, मी पक्का वॉरियर्सवाला. आमच्यातला एकजण म्हणतो की आता सगळे म्हातारे प्लेअर ऑफ-सीझनमधे विकून टाकायचे आणि नवीन पोरं घेऊन शून्यातनं सुरू करायचं. मला आमचा स्टार स्टीफन करी दुसऱ्या जर्सीत बघवणार नाही. पण मग दरवर्षी प्ले-इन (प्लेऑफमधे शिरायच्या पात्रता मॅच) खेळत बसायचं का? वय झालेल्या टीमनं नक्की करायचं काय? (कॉलेज विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

तुझा मित्र अर्धा बरोबर आहे. वय झालेल्या टीमनं ट्रेड करावेत, उन्हाळ्यातच करावेत, पण त्याआधी एक गोष्ट तपासायची आणि ती वयाची नाहीच. टीमचे स्वतःचे पुढच्या वर्षांचे पहिल्या फेरीचे ड्राफ्ट पिक टीमच्याच हातात आहेत का, हे बघायचं. कारण एनबीएत हरणाऱ्या टीमला खालच्या लीगमधे ढकलत नाहीत, उलट तिला चांगला पिक मिळायचा चान्स वाढतो. २०१९ मधे नियम बदलून, पिकचा नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत सगळ्यात खालच्या तीन टीमना पहिल्या पिकचा प्रत्येकी १४ टक्के चान्स दिला गेला. म्हणजे हरण्याचं जे काही मोल आहे ते सगळं त्या पिकमधे आहे आणि तोच दुसऱ्याला देऊन बसलात तर मग तुमचं हरणं फुकट जातं.

हे ज्यांनी भोगलं ते ब्रुकलिन नेट्स. जुलै २०१३ मधे त्यांनी बोस्टनकडनं केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी घेतले, गार्नेट ३७ चा आणि पिअर्स ३५ चा, आणि बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक दिले, वर २०१७ मधे पिक अदलाबदल करायचा हक्कपण दिला, म्हणजे दोघांपैकी वरचा पिक बोस्टननं घ्यायचा. त्या वर्षी नेट्सनी ४४ मॅच जिंकल्या आणि दुसऱ्या फेरीत मायामीनं त्यांना ४-१ नं घरी पाठवलं. एका वर्षात पिअर्स वॉशिंग्टनला गेला, २०१५ च्या फेब्रुवारीत गार्नेट मिनेसोटाला परत गेला. मग खरी वाट लागली, २०१५-१६ मधे २१ विजय, पुढच्या वर्षी २०, आणि हरायचं नेट्सनी, पोरं मिळायची बोस्टनला! २०१६ चा तिसरा पिक जेलन ब्राऊन. २०१७ ला अदलाबदलीत पहिला नंबर बोस्टनकडं आला, त्यांनी फिलाडेल्फियाशी डील करून तिसऱ्या नंबरवर उतरून जेसन टेटमला घेतलं, वर अजून एक पिक मिळवला. या दोघांच्या जोरावर बोस्टननं २०२४ ला टायटल मारलं आणि फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर) झाला ब्राऊन.

आता तुला करीचं वाईट वाटतंय ना, तर बोस्टनच्या लोकांचं पिअर्सवर काय प्रेम होतं ते बघ. १९९८ पासून १५ सीझन एकाच टीमकडं, २००८ चं टायटल त्यानं आणून दिलेलं. तरी बोस्टनचा कारभार बघणाऱ्या डॅनी एंजनं त्याला विकला, कारण गिऱ्हाईक तेव्हा होतं, एक वर्ष थांबला असता तर एवढं कुणी दिलं नसतं. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत बोस्टननं त्याची ३४ नंबरची जर्सी मानानं वर टांगली. विकला म्हणजे विसरले असं होत नाही रे, मला तरी त्या ट्रेडमधे पिअर्सचा अपमान कधी दिसला नाही.

पण करीची गोष्ट वेगळी आहे असं मला मनापासून वाटतं. २०२२ ला ३४ व्या वर्षी तो टायटल जिंकला आणि फायनलचा एमव्हीपी झाला, आणि २०२५ च्या प्लेऑफमधे वॉरियर्सनी ह्यूस्टनला सात मॅचमधे हरवलं, मग मिनेसोटाच्या पहिल्याच मॅचमधे त्याचा हॅमस्ट्रिंग गेला आणि त्या मॅचनंतर टीम एकपण मॅच जिंकली नाही. एका माणसावर एवढं उभं असेल तर त्याला विकून जे येईल ते त्याच्या तोडीचं येत नाही. डॅलसनं डर्क नोवित्स्कीला २१ सीझन ठेवला, शेवटची काही वर्षं टीम काही खास नव्हती, तरी कुणी तक्रार केली नाही, आणि जाता जाता त्याच्या शेजारी लुका डॉन्चिच एक सीझन खेळला. तर माझं मत, करी स्वतः जातो म्हणेपर्यंत त्याला ठेवावा, पण त्याला साथ म्हणून दुसरा पस्तिशीतला स्टार आणायला लांबच्या वर्षांचे पिक अजिबात देऊ नयेत.

लेकर्सनी हेच केलं होतं २०१२ च्या उन्हाळ्यात. कोबी ब्रायंटला साथ म्हणून ३८ वर्षांचा स्टीव्ह नॅश आणला, त्याच्यासाठी दोन पहिल्या फेरीचे पिक दिले, नंतर ड्वाइट हॉवर्डपण आणला आणि कागदावर टीम अशी दिसत होती की विचारू नका. ४५ विजय, पहिल्या फेरीत सॅन अँटोनिओकडनं ४-० नं हार, तीपण कोबी जखमी असताना. नॅश लेकर्ससाठी दोन सीझन मिळून फक्त ६५ मॅच खेळला. पुढच्या वर्षांत लेकर्स २७, २१, १७ विजयांपर्यंत खाली खाली गेले.

ज्यांनी म्हाताऱ्यांना न विकता काम केलं ते सॅन अँटोनिओ स्पर्स, आणि त्यांचा ट्रेड मला सगळ्यात आवडतो. २०११ च्या ड्राफ्टच्या रात्री त्यांनी टिम डंकनला हात लावला नाही, पार्करला नाही, जिनोबिलीला नाही, विकला तो २५ वर्षांचा जॉर्ज हिल, जो कोच पोपोविचचा लाडका होता आणि खेळतपण चांगला होता. त्याच्या बदल्यात इंडियानाकडनं १५ व्या नंबरचा कवाय लेनर्ड आला. २०१४ ला स्पर्सनी मायामीला ४-१ नं हरवलं, डंकन तेव्हा ३८ चा, आणि फायनलचा एमव्हीपी झाला कवाय. लोकांना वाटतं म्हातारी टीम म्हणजे म्हातारेच विकायचे, पण बाजारात म्हाताऱ्याला भाव नसतोच, भाव असतो मधल्या वयाच्या चांगल्या प्लेअरला. वॉरियर्सनी तो भाव वेळेवर घेतला नाही, २०२० ला दुसऱ्या नंबरवर जेम्स वाइजमन घेतला, २०२१ ला कुमिंगा आणि मूडी, एकीकडं टायटलपण जिंकायचं आणि एकीकडं पोरंपण तयार करायची म्हणून. वाइजमनला खेळायला मिनिटं मिळाली नाहीत, दुखापती झाल्या आणि २०२३ मधे तो गेला तेव्हा त्याची किंमत पार उतरली होती. त्याला ड्राफ्टच्या वर्षीच विकायला हवं होतं असं मी आजपण म्हणेन.

प्रश्न : ताई, आमच्याकडं जुनी द्राक्षबाग एकदम काढत नाहीत. अर्धी काढतो, तिथं नवीन खुंट लावून कलम करतो आणि तोवर उरलेल्या अर्ध्या बागेवर घर चालतं. टीमचं असं अर्धं-अर्धं का करत नाहीत? (शेतकरी वाचक, तासगाव)

दादा, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. तुमच्या बागेत हे जमतं कारण जुन्या अर्ध्या बागेचा माल विकला जातोच, थोडा कमी आला तरी पैसे येतात. एनबीएत अर्धी जुनी आणि अर्धी नवी टीम बहुतेक वेळा नवव्या-दहाव्या नंबरवर येते, म्हणजे टायटल नाही आणि वरचा पिकपण नाही, बाराव्या-तेराव्या नंबरवर जे मिळेल ते घ्यायचं. तिथंपण हिरा सापडतो, नाही असं नाही, पण दरवर्षी सापडत नाही.

पूर्ण बाग काढणाऱ्यांत ओक्लाहोमा सिटी बघा. जुलै २०१९ मधे कवाय लेनर्डला क्लिपर्सकडं जायचं होतं पण ओक्लाहोमाचा पॉल जॉर्ज सोबत हवा होता, म्हणजे क्लिपर्सची गरज अशी की मागतील ते द्यायची तयारी. ओक्लाहोमानं शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पाच पहिल्या फेरीचे पिक आणि दोन अदलाबदलीचे हक्क घेतले. त्याच महिन्यात वेस्टब्रूकलापण ह्यूस्टनला पाठवला. मग २०२०-२१ पासून दोन वर्षं हाल, ७२ मॅचच्या सीझनमधे २२ विजय, पुढं ८२ पैकी २४. पण क्लिपर्सच्याच एका पिकवर जेलन विल्यम्स आला, स्वतःच्या पिकवर चेट होल्मग्रेन आला, आणि २०२४-२५ ला ६८ विजय आणि टायटल. जॉर्ज तेव्हा २९ चा होता, म्हातारा नव्हता, हे खरंय, पण उन्हाळ्यात का विकायचं ते इथं कळतं. फेब्रुवारीत फक्त जिंकायच्या जवळ असलेल्या टीम खरेदीला येतात, जुलैत मात्र सगळ्यांनाच आपली टीम बदलायची असते, त्यात एखाद्याला अगदी तातडी असली की किंमत हवी तेवढी मागता येते.

आणि पूर्ण काढूनपण लगेच फळ येतंच असं नाही. युटानं २०२२ च्या उन्हाळ्यात रूडी गोबेर आणि डोनोव्हन मिचेल दोघांना विकून पिकचा ढीग जमवला, २०२४-२५ ला १७ विजय म्हणजे सगळ्यात खराब रेकॉर्ड केला, आणि लॉटरीत मिळाला पाचवा नंबर. त्याच लॉटरीत १.८ टक्के चान्स असलेल्या डॅलसला पहिला नंबर लागला.

प्रश्न : पूर्वी तीन स्टार एकत्र आणले की झालं, असं असायचं. आता "सेकंड एप्रन" का काय ते सारखं ऐकतो. ते काय आहे? (मिरज)

पगाराची वरची रेष आहे ती. २०२३ च्या करारानंतर लागू झाली, २०२५-२६ साठी ती साधारण २० कोटी ७८ लाख डॉलर होती. तिच्या वर गेलेल्या टीमला ट्रेडमधे दोन प्लेअरचे पगार जोडून एक मोठा प्लेअर आणता येत नाही, ट्रेडमधे रोख पैसे देता येत नाहीत आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो, म्हणजे तो विकता येत नाही. म्हाताऱ्या आणि महागड्या टीमचे हातच बांधले जातात. फिनिक्सचं तेच झालं. २०२३ च्या फेब्रुवारीत केव्हिन ड्युरंटसाठी नेट्सना मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि चार पिक दिले, जूनमधे ब्रॅडली बील आणला, आणि बीलच्या करारात नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे त्याच्या परवानगीशिवाय त्याला हलवता येत नाही. पहिल्या पूर्ण सीझनला ४९ विजय आणि मिनेसोटाकडनं ४-० हार, दुसऱ्या सीझनला ३६ विजय आणि प्लेऑफपण नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला, बीलला पैसे देऊन मोकळं केलं. आता मुद्दाम हरावं म्हटलं तरी त्यांचे पिक बाहेर गेलेले, मग काय करणार?

अशात काय करावं ते नेट्सनीच २०२४ च्या जूनमधे दाखवलं, त्यांच्याबद्दल मला म्हणूनच आदर वाटतो. मिकाल ब्रिजेसला न्यूयॉर्क निक्सला विकून पाच पहिल्या फेरीचे पिक घेतले, आणि त्याच वेळी ह्यूस्टनकडं फिनिक्सचे आणि डॅलसचे पिक देऊन स्वतःचे २०२५ आणि २०२६ चे पिक परत आणले. म्हणजे पडायच्या आधी स्वतःचं हरणं विकत घेतलं. दुसऱ्याचे पिक जास्त चमकदार दिसत होते तरी ते दिले. रिबिल्ड, म्हणजे टीमची नव्यानं बांधणी, करायचा असेल तर पहिला ट्रेड हाच असला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, शाळेच्या टीममधे खेळतो. तो म्हणतो मोठ्या टीम मुद्दाम हरतात. हे ऐकून मला बरं वाटलं नाही. हे चालतं कसं? (पालक, वाई, जि. सातारा)

काकू, तुमची काळजी पटली. मुलाला एवढं नक्की सांगा की कोर्टवरचा प्लेअर मुद्दाम हरत नाही, त्याचा पुढचा करार त्याच्या खेळावर ठरतो, तो जीव तोडूनच खेळतो. हरायची व्यवस्था वरची मॅनेजमेंट करते, चांगले प्लेअर विकून, थोड्या दुखापतीवर स्टारला बसवून. फिलाडेल्फियानं २०१३ पासून हे उघडउघड केलं, एकाच सीझनमधे सलग २६ मॅच हरले, २०१५-१६ ला ८२ पैकी १० जिंकल्या. त्यातनं जोएल एम्बीड मिळाला, पुढं तो एमव्हीपीपण झाला, पण त्या सगळ्या हरण्यानंतरच्या वर्षांत टीम दुसऱ्या फेरीच्या पुढं जाऊ शकली नाही. हरायची सवय लागलेल्या ड्रेसिंग रूममधे पोरांना शिकवायला कुणी मोठं माणूस उरत नाही, आणि मला वाटतं नुकसान तिथंच होतं. म्हणून रिबिल्ड करणाऱ्या टीमनंपण एखाद-दुसरा जुना जाणता प्लेअर ठेवावा. ओक्लाहोमानं २०१९-२० मधे ३४ वर्षांचा ख्रिस पॉल ठेवला होता, कोवळा शे त्याच्या शेजारी एक अख्खा सीझन खेळला आणि ती टीम सगळ्यांचे अंदाज चुकवून प्लेऑफला गेली. तुमच्या मुलाला त्या सीझनच्या ओक्लाहोमाच्या मॅच शोधून बघायला सांगा, शेवटच्या पाच मिनिटांत पॉल बॉल कुणाला देतो आणि का देतो एवढंच बघायला सांगा. शाळेच्या टीमला त्यातलं बरंच काही उचलता येईल.