थेंब डोळ्यात, चव घशात

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली असून बेळगावात बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला शिकते. वडिलांना काचबिंदू आहे. त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले की थोड्याच वेळात घशात कडवट चव येते, अशी त्यांची तक्रार असते. त्याचे कारण शोधता शोधता नेत्रौषधांवर संशोधन करावेसे वाटू लागले आहे. डॉक्टर नसताना या क्षेत्रात पुढे जाता येईल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : वडिलांची तक्रार हाच या शास्त्रातला मूळ प्रश्न आहे. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, तर डोळ्यावरच्या अश्रूंचे प्रमाण जेमतेम ७ मायक्रोलिटर. त्यामुळे बराचसा थेंब गालावर ओघळतो आणि उरलेल्यातला मोठा भाग अश्रुनलिकेतून नाकात व तिथून घशात उतरतो. डोळ्याच्या आत पोचते ते सहसा पाच टक्क्यांहूनही कमी. काचबिंदूवरचे टिमोलॉलसारखे औषध याच वाटेने रक्तात मिसळून दम्याच्या रुग्णाला धाप लावू शकते, म्हणून वडिलांना दमा असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन-तीन मिनिटे हलके दाबून धरला, तर चवही कमी होईल आणि औषधही वाया जाणार नाही.

औषधाला डोळ्याच्या आत जाणेही सोपे नाही. पारपटलाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा) बाहेरचा थर तेलात विरघळणाऱ्या द्रव्याला वाट देतो, मधला जाड थर पाण्यात विरघळणाऱ्याला. दोन्ही परीक्षांत उतरणारा रेणू घडवणे किंवा औषध डोळ्यावर अधिक वेळ टिकवणे हे फार्मसीच्याच माणसाचे काम आहे. तेव्हा डॉक्टर नसल्याची खंत नको.

याचेच एक उदाहरण पाहा. कोलंबिया विद्यापीठातले लास्लो बिटो हे नेत्र-शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्यामुळे डोळ्यातला दाब वाढतो, असा सशांवरच्या प्रयोगांतून समज झालेला असताना, अल्प मात्रेत ते दाब उतरवते हे त्यांनी मांजरे व माकडांवर दाखवले. त्या संशोधनातून आलेल्या लॅटानोप्रॉस्ट या काचबिंदूवरच्या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. कामाला सुरुवात झाल्यापासून औषध हाती येईपर्यंत बरीच वर्षे जातात, हे मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

वाटचाल अशी : जीपॅट ही एम. फार्मची प्रवेश परीक्षा, मग फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरील परिणाम) किंवा फार्मास्युटिक्समध्ये (औषधांची घडण) एम. फार्म, त्यानंतर पीएच. डी. जीपॅट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचे फार्मसी आणि वैद्यकीय अशी दोन्ही महाविद्यालये असल्याने एम. फार्मच्या प्रबंधासाठी नेत्रविभागातला सहमार्गदर्शक मिळतो का, हे विचारून पाहावे. रुग्ण न पाहता लिहिलेले प्रबंध पुष्कळ आहेत. पुढे हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान, मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय किंवा दिल्लीच्या एम्समधले राजेंद्रप्रसाद नेत्रकेंद्र डोळ्यांपुढे ठेवावे. शाळा मराठी माध्यमाची असल्यास त्याची धास्ती बाळगू नये. इंग्रजी शोधनिबंध रोज थोडे वाचले की ते अंगवळणी पडतात, आणि खेड्यातल्या रुग्णाशी बोलताना आपले मराठी-कानडी हेच उपयोगी पडेल.

एक गोष्ट प्रवेशापूर्वीच पारखून घ्यावी. या विषयात सशांच्या डोळ्यांवर प्रयोग अजूनही होतात, त्यासाठी नैतिक समितीची परवानगी लागते. ते मनाला झेपणार नसेल, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर काम करणारा मार्गदर्शक शोधावा आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे.