अपडेटनंतर लिनक्स लॅपटॉपवर डेस्कटॉप येत नाही, नुसती काळी स्क्रीन. काय करू?

आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून बघा. नुसत्या अक्षरांची लॉगिन स्क्रीन आली तर सिस्टीम जिवंत आहे, फक्त ग्राफिक्स अडलंय. फॉरमॅट मारायची घाई अजिबात नको.

लॉगिन करून ‘डीएफ -एच’ (df -h, डिस्कवर किती जागा उरलीय ते दाखवणारी कमांड) चालवा. रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टीम असलेला मुख्य भाग, यादीत ‘/’) १०० टक्के भरलं असेल तरी डेस्कटॉप अडतो, आणि लोक उगाच ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मागे लागतात. जागा असेल तर मात्र संशय ड्रायव्हरवरच, त्यातून एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर जास्तच: कर्नल (सिस्टीमचा गाभा) नवा आला, पण त्याच्यासाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल तयार झालंच नाही, असं सर्रास होतं. ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या बूट मेनूच्या) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. त्यावर डेस्कटॉप आला तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करा.

जुन्यावरही नाही आला? मग ग्रबमध्ये ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा (इंग्रजी लहान अक्षरांत, सलग: nomodeset) आणि एफ१० दाबा. बदल त्या एका बूटपुरताच राहतो, त्यामुळे बिनधास्त करा. रिझोल्यूशन गचाळ दिसेल, पण दुरुस्तीपुरतं चालतं.

पासवर्ड टाकूनही पुन्हा लॉगिनच समोर येत असेल, तर तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘.एक्सऑथॉरिटी’ (.Xauthority) फाइलची मालकी रूट युजरकडे, म्हणजे अ‍ॅडमिनकडे, गेलीय का ते बघा.